दगडांचं गाव आणि मंगळावरचा ईस्टर: ख्रिस्ती श्रद्धेची अद्भुतकथा लिहायला बसताना

गेल्या काही वर्षांत इंदुरातल्या आमच्या चर्चच्या मंडळीतली चार-पाच तरुण मुलं वह्या घेऊन माझ्याकडे आली. कुणाच्या वहीत ड्रॅगन होता, कुणाच्या वहीत अंतराळयान. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच होता: माझी श्रद्धा या गोष्टीत आणायची कशी? ही मुलं घरात मराठी बोलतात, उपासनेला हिंदीत बसतात आणि कॉलेजात इंग्रजीत शिकतात. तरी गोष्ट त्यांना मराठीतच लिहायची आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यांना जे तोंडी सांगितलं तेच इथे क्रमाने लिहिते आहे. ज्याने अजून एक ओळही लिहिलेली नाही, त्याच्यासाठी हे आहे.

आधी माझा एक अनुभव. पूर्वी मी संडे स्कूलच्या मुलांसाठी एक लांबलचक गोष्ट लिहिली होती. तिच्यात एक पांढरा हरिण जंगलासाठी जीव देतो. चौथ्या पानावर एक मुलगी म्हणाली, "हा येशू आहे ना? म्हणजे शेवटी मरून परत उठणार." तिने बरोबर ओळखलं होतं. त्यानंतर मुलं ऐकत बसली ती केवळ माझ्याबद्दलच्या आदरामुळे. कुलूप उघडल्यावर किल्लीकडे कोण बघतं? पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या दुपारी मला जे कळलं त्यातून आल्या आहेत.

पहिली पायरी: शास्त्रातल्या अद्भुत गोष्टी पुन्हा वाचा, आता लेखक म्हणून

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आपण उपदेशासाठी वाचतो. महिनाभर ते कारागिरीसाठी वाचा. शास्ते ९ मध्ये झाडं राजा निवडायला निघतात. जैतून नाही म्हणतो, अंजीर नाही म्हणतो, द्राक्षवेलही नाही म्हणते आणि शेवटी काटेझुडूप हो म्हणतं. गणना २२ मध्ये बलामाची गाढवी बोलते. तिला जो देवदूत दिसतो, तो द्रष्ट्या म्हणवणाऱ्या बलामाला दिसत नाही. यहेज्केलाच्या पहिल्या अध्यायात चाकात चाकं आहेत आणि त्यांच्या धावांवर डोळेच डोळे. अद्भुतकथा लिहिणं ख्रिस्ती माणसाला शोभतं का, असं कुणी विचारलं तर त्याला ही तीन पानं दाखवावीत.

पण सगळ्यात जास्त वेळ द्या तो २ शमुवेल १२ ला. दावीद राजाने आपल्या सैनिकाची, उरियाची, बायको घेतली आहे आणि उरियाला मारवलं आहे. नाथान संदेष्टा राजासमोर येतो, पण आरोप करत नाही. तो एका गरिबाची आणि त्याच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो. श्रीमंत शेजारी ती मेंढी कापतो. दावीद संतापतो आणि निकाल देतो. मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच. राजाच्या दाराशी पहारा होता, पण गोष्ट मागच्या दाराने आत शिरली. दावीद आधी चिडला आणि मग त्याला कळलं. हा क्रम वहीत लिहून ठेवा. आपण नवखे असताना तो उलटा करतो: वाचकाला आधी समजावून सांगतो आणि मग त्याला काही वाटावं अशी अपेक्षा धरतो.

लूक १५ मधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचा शेवटही नीट बघा. धाकटा परत आल्याची मेजवानी आत चालू आहे, थोरला भाऊ रागावून अंगणात उभा आहे आणि बाप त्याला आत बोलावतो आहे. तो आत गेला का? सांगितलेलं नाही.

दुसरी पायरी: "समजा" या शब्दाने सुरुवात करा

सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या गोष्टींतला सिंह हे ख्रिस्ताचं रूपक आहे, असं सर्रास म्हटलं जातं. त्यांनी स्वतः १९५८ च्या एका पत्रात ते नाकारलं. त्यांच्या मते ती एक "समजा" होती: समजा असं एक जग खरोखर असतं, तर ख्रिस्त तिथे कोणत्या रूपात आला असता? फरक बारीक वाटतो, पण लिहिताना तो डोंगराएवढा होतो. रूपकात प्रत्येक गोष्टीचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. "समजा" म्हटलं की उत्तर तुम्हालाही शोधावं लागतं.

मी सध्या लिहीत असलेली गोष्ट उदाहरण म्हणून घेते. समजा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी खान नदीच्या पोटात एक गाव आहे. तिथे कुणी कुणाला दुखावलं की दुखावलेल्या माणसाच्या घरात एक दगड उगवतो. जेवढी जखम, तेवढा दगड. घरं दगडांच्या भाराने चिखलात खचत जातात, म्हणून लोक वर मजले चढवत राहतात, आपल्या राजवाड्यासारखे, खाली दगड आणि वर लाकूड. तळमजल्यावर कोण राहायचं, हे म्हाताऱ्यांनाही आठवत नाही.

येशूचं नाव इथे कुठेच नाही, तरी श्रद्धेचा प्रश्न गावाच्या पायातच आहे: या दगडांचं करायचं काय?

तुमची "समजा" एका वाक्यात लिहा. वाक्य लांबलं तर अजून विचार व्हायचा आहे.

तिसरी पायरी: नियम लिहा आणि नियमाची किंमत लिहा

एका कागदावर तुमच्या जगाचे नियम मांडा. माझ्या कागदावर आहे: दगड फोडता येत नाही, विकता येत नाही, फेकला तर सकाळी परत घरात असतो. दुसऱ्याचा दगड आपण मागून घेऊ शकतो, पण मग तो आपल्या घरात राहतो.

चौथा नियम वाचताच ख्रिस्ती वाचकाच्या मनात क्रूस येईल. येऊ द्या. पण एक काळजी घ्या. कृपा फुकट मिळते, स्वस्तात मिळत नाही. घेणाऱ्याला तिचं मोल द्यावं लागत नाही, देणाऱ्याला सगळं द्यावं लागतं. नवख्यांच्या गोष्टींत शेवटी एक झगझगीत प्रकाश येतो आणि सगळं नीट होतं. त्या प्रकाशाचे पैसे कुणी भरले, हे वाचक विचारतोच. तुमच्या गोष्टीत सुटका होत असेल तर कुणाचं घर खचलं, ते दाखवा.

चौथी पायरी: तारणाऱ्याच्या डोळ्यांनी गोष्ट सांगू नका

चारही शुभवर्तमानं येशूच्या तोंडून सांगितलेली नाहीत. ती शिष्यांनी आणि त्यांच्याकडून ऐकणाऱ्यांनी सांगितली. तुमच्या गोष्टीत दुसऱ्यांसाठी जीव टाकणारा कुणी असेल तर त्याच्या मनात शिरू नका. ज्याला त्याचं वागणं कळत नाही, पटत नाही, किंवा त्याचा राग येतो, अशा माणसाच्या खांद्यावर बसून बघा. माझ्या गावात दगड मागत फिरणारा एक म्हातारा आहे. गोष्ट मात्र सांगते ती एक बाई, जी आपला दगड द्यायला तयार नाही.

पाचवी पायरी, आणि सगळ्यात अवघड: क्षमेचा प्रसंग

इथे घाई करू नका. ख्रिस्ती लेखकाची गोष्ट इथेच उभी राहते किंवा पडते.

माझ्या त्या बाईचा भाऊ मारला गेला आहे. तिच्या घरातला सगळ्यात मोठा दगड त्या खुनाचा आहे. म्हातारा दारात येऊन तो मागतो. ती नाही म्हणते, कारण भावाची तेवढीच एक खूण उरली आहे. दगड गेला तर भाऊ पुरता गेला. पहिल्या खर्ड्यात मी तिला अर्ध्या पानात तयार केलं होतं: म्हातारा दोन वाक्यं बोलला, ती रडली आणि दगड दिला. वाचून मला स्वतःचीच लाज वाटली. ज्याच्या घरात असा दगड आहे त्याला मी हे वाचून दाखवू शकले नसते.

आपल्या भागातलीच एक खरी घटना आठवा. केरळहून आलेल्या सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला भूमिहीन आदिवासींमध्ये काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, त्यांचा सुऱ्याने खून झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच कॅथलिक चर्चने त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. या दोन तारखांच्या मधे आणखी एक गोष्ट घडली. त्यांची धाकटी बहीण, तीही धर्मभगिनीच, तुरुंगात गेली आणि ज्याने खून केला त्याच्या मनगटावर तिने राखी बांधली.

लेखक म्हणून यातून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, वेळ. ती राखी खुनाच्या दुसऱ्या दिवशी बांधलेली नव्हती, मधे वर्षं गेली. तुमच्या गोष्टीतही वर्षं जाऊ द्या, पानं जाऊ द्या. दुसरी, वस्तू. केरळची ख्रिस्ती बाई, पण क्षमा बोलायला तिने या मातीतला धागा घेतला, आणि तो धागा म्हणाला: तू माझा भाऊ. कुठलंही भाषण याच्या जवळपास पोचत नाही. तुमच्या जगात क्षमेची वस्तू कोणती, ते शोधा. ती हाताला लागणारी हवी, आणि त्या जगातल्या लोकांच्या रोजच्या वापरातली हवी.

जे. आर. आर. टॉल्किन यांनी हा प्रश्न कसा सोडवला, तेही सांगते. ते निष्ठावंत कॅथलिक होते. "द लॉर्ड ऑफ द रिंग्ज" हे मुळात धार्मिक आणि कॅथलिक काम आहे, असं त्यांनी १९५३ च्या एका पत्रात लिहिलं, आणि म्हणूनच त्यातून धर्माचे उल्लेख जवळजवळ काढून टाकले, असंही. त्या जगात देऊळ नाही, चर्च नाही. पण शेवट आठवा. नायक फ्रोडो अग्निमुखाच्या काठावर हरतो. जग वाचवायला जी अंगठी आगीत टाकायची, ती तो स्वतःकडे ठेवतो. काम होतं ते त्या अंगठीसाठी वेड्या झालेल्या गॉलममुळे, ज्याला आधी कुणी कुणी दया दाखवून जिवंत सोडलं होतं. नायकाच्या ताकदीने जग वाचलं नाही, फार पूर्वी केलेल्या दयेने वाचलं. आणि तो दिवस त्यांनी धरला २५ मार्च, मरियेला देवदूताने निरोप दिला त्या सणाची तारीख. पुस्तकात याचा कुठे खुलासा नाही. ज्याला दिसलं त्याला दिसलं.

तुमच्या गोष्टीच्या सुरुवातीला एक छोटी, बिनकामाची वाटणारी दया पेरा आणि विसरून जा. शेवटाकडे ती उगवते का, बघा.

सहावी पायरी: विज्ञानकथा असेल तर गणित आधी, भक्ती त्यातून

विज्ञानकथेत श्रद्धा आणायची म्हणजे यानाच्या भिंतीवर क्रूस टांगायचा, असं मुलांना वाटतं. त्यापेक्षा विचारा: परिस्थिती बदलली तर उपासनेचं काय होईल?

ईस्टर घ्या. चर्चच्या गणिताप्रमाणे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. आता मंगळावर वसाहत आहे. तिथला दिवस सुमारे २४ तास ३९ मिनिटांचा आणि वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचं. चंद्र दोन. फोबोस साडेसात तासांच्या आसपास एक फेरी पुरी करतो, म्हणून तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो. डायमोसला तीस तास लागतात. कोणत्या चंद्राची पौर्णिमा धरायची? आणि रविवार तरी कोणता? रोजच्या ३९ मिनिटांमुळे छत्तीस-सदतीस दिवसांत पृथ्वीच्या पंचांगाशी एका दिवसाचा फरक पडतो. वसाहतीतल्या मुलीचा रविवार आणि इंदुरात व्हाइट चर्चच्या बाकावर बसलेल्या तिच्या आईचा रविवार हळूहळू एकमेकांपासून सुटत जातात. निरोप पोचायला अंतराप्रमाणे तीन ते बावीस मिनिटं. आईने म्हटलेल्या "आमेन"च्या वेळी मुलगी कुठल्या ओळीवर असेल? मंडळी ही एकाच वेळी जमलेली माणसं असतात की आणखी काही? ही खरी धर्मशास्त्राची चर्चा आहे, आणि ती गणितातून आली.

प्रत्यक्षात घडलेलंही आहे. २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरल्यावर, बाहेर पाऊल टाकण्याआधी, प्रेस्बिटेरियन मंडळीचे वडील (एल्डर) असलेल्या बझ ऑल्ड्रिन यांनी यानात प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस, घेतलं. चंद्राच्या एक षष्ठांश गुरुत्वाकर्षणात द्राक्षारस प्याल्याच्या कडेने हळूच वळत वर चढला, असं त्यांनी नंतर लिहिलं. तो वळणारा द्राक्षारस असा तपशील आहे, ज्याच्यापुढे भक्तीची दहा विशेषणं फिकी पडतात. असा एक तपशील मिळेपर्यंत लिहायला बसू नका.

आपल्या इंदुरातही माल आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ नावाचं यंत्र आहे. सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात, सेकंदाला सुमारे सतरा लाख फेऱ्या. ज्या प्रकाशासाठी हे यंत्र बांधलं, तो इलेक्ट्रॉनांची वाट चुंबकाने वाकवली जाते तिथे सांडतो. त्यात त्यांची ऊर्जा खर्च होते आणि ती दर फेरीला पुन्हा द्यावी लागते. पश्चात्तापासाठीचा हिब्रू शब्द "शूब" म्हणजे मागे वळणे. हे दोन्ही शेजारी ठेवले की माझ्या अंगावर काटा येतो. पण गोष्टीत हे कुणाच्या तोंडी घालू नका. रात्रपाळीचा इंजिनिअर पडद्यावर बघतो आहे आणि घरी भावाशी तीन वर्षं बोलणं नाही, एवढं पुरे.

एक इशाराही देते. विज्ञानाला साक्षीदार बनवून देव सिद्ध करायला जाऊ नका. विश्व एका आदिकणातून प्रसरण पावलं, ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांताची बायबलमधल्या उत्पत्तीच्या वृत्तान्ताशी सांगड घातली, तेव्हा लमेत्रांनाच ते रुचलं नाही. उद्या सिद्धांत बदलला तर श्रद्धा त्याच्याबरोबर कशाला बुडवायची?

दुसऱ्या ग्रहावरचे जीव आले की "येशू त्यांच्यासाठीही मेला का?" हा प्रश्न येतोच. योहान १० मध्ये मेंढपाळ म्हणतो की या मेंढवाड्यातली नाहीत अशीही माझी मेंढरं आहेत. तेवढं वाक्य उशाशी ठेवा आणि निकाल देऊ नका.

सातवी पायरी: शब्द

हा भाग मराठीत लिहिणाऱ्यांनाच कळेल. आपल्या बहुतेक वाचकांच्या कानात "अवतार", "मोक्ष", "राक्षस", "मंत्र" हे शब्द वेगळ्या परंपरेतून वाजतात. तुम्ही एक अर्थ धरून लिहाल आणि वाचक दुसरा धरेल. घाबरू नका. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये "ख्रिस्तपुराण" मराठी ओव्यांत छापलं, तेव्हा स्वर्गाला त्यांनी खुशाल वैकुंठ म्हटलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर येशूला अभंगात आणलं. शब्द उसना घ्या, पण जाणून घ्या. "कृपा", "करुणा", "ऋण", "ओझं" हे शब्द दोन्ही घरांत सारखेच राहतात, आणि माझं काम बहुतेक त्यांवरच भागतं. उलट "पवित्र आत्मा", "तारण", "पाचारण" असे आपल्या उपासनेतले शब्द गोष्टीत आले की बाहेरचा वाचक दाराशी थांबतो.

इंदुरी बोली पुसू नका. आपल्याकडे "मला माहीत पडलं" म्हणतात, तर पात्रालाही तसंच म्हणू द्या.

आणि हे कळकळीने सांगते: दुष्टांच्या नगरीत आरत्या, घंटा आणि टिळे घालू नका. नकळत होतं, मी वह्यांत पाहिलं आहे. शेजाऱ्याच्या देवघराला अंधाराचं घर करणारी गोष्ट ख्रिस्ती होत नाही.

आठवी पायरी: प्रवचन काढा

खर्डा झाला की पेन्सिल घ्या. देव, प्रार्थना, विश्वास, श्रद्धा हे शब्द जिथे आहेत तिथे खूण करा. ते वाक्य काढून गोष्ट चालते का, बघा. चालली तर वाक्य गेलं. अडली तर ठेवा, ते कमावलेलं आहे. माझ्या गोष्टीत अकरा खुणांपैकी दोन उरल्या.

हे कमी करणं म्हणजे लपवणं नव्हे, हेही मुलांना सांगावं लागतं. पात्र ख्रिस्ती असेल तर ते उघड प्रार्थना करेल, चर्चला जाईल, संशयही घेईल. काढायची ती लेखकाची बोटं.

नववी पायरी: वाचून दाखवा आणि पाठवा

दोघांना द्या. एक आपल्या मंडळीतला आणि एक असा, ज्याने शास्त्र उघडलेलंच नाही. दुसऱ्याचं मत जास्त मोलाचं. "कळलं का?" असं विचारू नका. "कुठे थांबावंसं वाटलं?" आणि "कोणाची काळजी वाटली?" एवढंच विचारा.

दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा कथा जूनपर्यंत हातात तयार हवी. विज्ञानकथेसाठी मराठी विज्ञान परिषदेची स्पर्धा आहे. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी तिथे आपली "कृष्णविवर" ही कथा "नारायण विनायक जगताप" या नावाने पाठवली होती, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून दुसऱ्याच्या हस्ताक्षरात, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. आपणही तसंच मनाशी धरावं. पाकीट उघडणाऱ्याला लेखक ख्रिस्ती आहे हे ठाऊक नाही. गोष्ट तिच्या पायांवर उभी राहते का?

माझा दुसरा वाचक म्हणजे रामबागेत शेजारी राहणाऱ्या एक मावशी, रोज ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या. दगडांच्या गावाची गोष्ट त्यांनी दोन दुपारी बसून वाचली. मी दोन्ही प्रश्न विचारले. थांबावंसं कुठे वाटलं, ते त्यांनी सांगितलं. काळजी कुणाची वाटली, याचं उत्तर लगेच आलं नाही. चष्मा पुसत म्हणाल्या, "त्या बहिणीने दगड दिला ते बरं झालं गं, पण तिला जरा लवकर द्यायला लावलंस तू. अजून थोडे दिवस राहू दे तिच्यापाशी."

पुढच्या खर्ड्यात म्हातारा दारात येऊन बसतो, रोज. दगड अजून तिच्याच घरात आहे.